डोळे मिटून ओलांडायचा पूल

१

फौजदार पोहोचले तेव्हा बोगदा अजून फिरतच होता. आत माणूस मरून पडला होता, घरची माणसं तोंडावर हात ठेवून उभी होती, बंद करायचं लाल बटण हाताच्या अंतरावर होतं, पण ते दाबायचं एकालाही सुचलं नव्हतं.

बोगदा म्हणजे आडवं ठेवलेलं एक अवाढव्य नळकांडं. आतून काळं, आणि त्या काळ्यावर चांदण्यांसारखे चमकणारे असंख्य ठिपके. मधोमध लोखंडी जाळीचा अरुंद पूल, दोन्ही बाजूंना कमरेएवढे कठडे. पूल जागचा हलत नाही. फिरतं ते फक्त नळकांडं. पण पुलावर पाऊल टाकलं की वाटतं, आपणच कलंडतोय. लोक कठड्याला घोरपडीसारखे चिकटतात, किंचाळतात, हसतात, आणि पलीकडे पोहोचले की पुन्हा रांगेत येऊन उभे राहतात.

त्या सकाळी ठिपक्यांच्या मधून एक तांबडा पट्टा वर येत होता, डोक्यावरून जात होता आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरत होता. मग पुन्हा वर येत होता. या जागेचे मालक कठड्यावरून उलटे पडले होते. पाय वर अडकलेले, आणि डोकं खाली नळकांड्याच्या भिंतीला टेकलेलं. भिंत त्यांच्या डोक्याखालून सरकत होती.

फौजदारांनी नोकरीत बरंच काही पाहिलं होतं. तरी असं कधी नाही. मग त्यांनी स्वतःच लाल बटण दाबलं. नळकांडं लगेच थांबलं नाही. कुरकुरत, रेंगाळत, कितीतरी वेळाने थांबलं.

ते पुलावर गेले. मालक अंगणाकडच्या कठड्यावरून पडले होते. त्या कठड्याचा हिरवा रंग अगदी नव्यासारखा होता, त्यावर बुटाचा एकच लांब ओरखडा. समोरच्या, रस्त्याकडच्या कठड्याचा रंग पार उडून लोखंड चकाकत होतं. एक रंगवला आणि दुसरा राहिला असेल, असं त्यांना वाटलं.

"आधी कुणी पाहिलं?" बाहेर येऊन त्यांनी विचारलं.

भिंतीला टेकून एक मुलगी खाली बसली होती. कॉलेज संपवलेल्या वयाची. उजव्या हाताचं बोट तिने डाव्या मुठीत आवळून धरलं होतं, चटका बसल्यावर धरतात तसं.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "आणि मीच मारलं त्यांना."

२

त्या जागेला सगळं शहर फसवं घर म्हणत असे. जुनं दुमजली गोदाम होतं. खाली प्रदर्शन, वर कुटुंबाचं बिऱ्हाड. मालक पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून घरचे सोडून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नोकरी सोडून त्यांनी एकेक खोली स्वतःच्या हाताने उभी केली होती. वाकडी खोली होती, जिच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं की माणूस राक्षस दिसतो आणि दुसऱ्यात बुटका. भिंतीत आत खोल कोरलेला एक चेहरा होता, तो बाहेर आल्यासारखा वाटतो आणि तुम्ही जाल तिकडे मान वळवून बघतो. मास्तर म्हणत, "बाहेर फसलं की माणसाची मान खाली जाते. इथे फसलं की तो टाळ्या वाजवतो. म्हणून येतात लोक."

मुलीला सगळे चिऊ म्हणत. सकाळी पुढच्या दारापाशी जाऊन मुख्य बटणं दाबायची, हे काम तिचं. त्या दिवशी तिने ती दाबली, दिवे बघत बघत खोल्या ओलांडल्या आणि शेवटी बोगद्यापाशी आली. तांबडा पट्टा तिने पाहिला. पलीकडच्या टोकाला आई उभी होती, पुतळ्यासारखी. बाकी तिला काही आठवत नव्हतं.

"बाबांना चक्कर येणं शक्य नाही, असं मला वाटलं होतं," ती म्हणाली. "ते बोगदा नेहमी डोळे मिटून ओलांडायचे. आम्हालाही तेच शिकवलं होतं. डोळे मिटले की तो साधा पूल आहे. पण आज ते वर दिवा बघत होते. डोळे उघडे होते. आणि मी बटण दाबलं."

"दिवा बघत होते, हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. तिनं पाहिलं ना सगळं."

मालकीणबाई पुढे आल्या. तिकीट खिडकी त्या सांभाळत. चेहरा कागदासारखा पांढरा, पण आवाज स्थिर होता. नाश्त्याला बोलवायला मागच्या जिन्याने खाली उतरल्या होत्या, म्हणाल्या. मालक पुलाच्या मधोमध उभे राहून वरचा एक दिवा न्याहाळत होते. तेवढ्यात बोगदा सुरू झाला.

"ते अंगणाकडे कलंडले," त्या म्हणाल्या. "सगळेच कलंडतात तसे. आणि गेले. मी हाक मारेपर्यंत गेले."

मग त्या मुलीपाशी खाली बसल्या आणि तिचं डोकं छातीशी घेऊन म्हणाल्या, "चिऊ, तुझा दोष नाही. तुला काय ठाऊक, ते आत आहेत."

फौजदारांनी तोंड फिरवलं. त्यांची बायको जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. त्या बाई ज्या तऱ्हेने ओठ दाबून बसल्या होत्या, ती तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. नवरा डोळ्यांदेखत गेला, तरी ही बाई आधी लेकीला सावरते आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिच्याबद्दल आदर वाटला.

अपघात म्हणून नोंदवायचं आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. पण पायऱ्या उतरताना मागून कुणीतरी त्यांची बाही धरली.

"साहेब," तो माणूस हळूच म्हणाला, "इतक्यात अपघात म्हणू नका."

३

तो मिस्त्री होता. बोगद्याची मोटर, पट्टे, नटबोल्ट सगळं त्याच्याकडे. बाही धरली खरी, पण पुढे बोलायला तयार नव्हता. फौजदारांनी त्याला बाजूला घेतलं तर म्हणाला, आदल्याच दिवशी रस्त्याकडच्या कठड्याचे नट आवळलेत, दर आठवड्याला आवळावे लागतात.

"आणि अंगणाकडचे?"

"ते कधी सैल होत नाहीत."

"मग अपघात का नाही म्हणतोस?"

मिस्त्री जमिनीकडे बघत राहिला. "मी नटबोल्टचं सांगितलं, साहेब. माणसांचं मला विचारू नका. याच घराचं मीठ खाल्लंय."

तेवढ्यात मालकांचे धाकटे भाऊ तिथे आले. चिऊ त्यांना काका म्हणे, म्हणून सगळेच काका म्हणत. त्यांचा राग मिस्त्रीवर होता. कठडा नीट असता तर दादा पडला नसता, याने हयगय केली, याला आत टाका, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचं भावाशी पटत नसे, हे हवालदाराने शेजारच्या दुकानातून आधीच काढून आणलं होतं. त्या आरशांच्या दुकानापायी दादाने आयुष्य घालवलं, असं काका चारचौघांत बोलत.

"तुम्ही इथे काय काम करता?" फौजदारांनी विचारलं.

"काम कसलं. गर्दीच्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी, रस्त्याकडच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचं. कलंडणाऱ्याला सावरायला. दादा म्हणायचा, तुझ्या वजनाचा एवढाच उपयोग आहे." काका हसायला गेले आणि अर्ध्यातच त्यांचा चेहरा वाकडा झाला. "आज सकाळी मी दाढी करत होतो, साहेब. इथे भाऊ मरत होता आणि मी गाल ताणून दाढी करत होतो."

बोगद्याच्या पलीकडे एक छोटी खोली होती आणि मग बाहेर जायचं मागचं दार. त्या खोलीत मुंडक्याचं टेबल होतं. टेबलाला मधोमध भोक आणि भोवती ताट. कुणी मागून शिरून डोकं वर काढलं की ताटात नुसतं मुंडकं दिसतं आणि टेबलाखाली तर काहीच नाही, फरशी आरपार दिसते. पोरंसोरं सोडाच, म्हातारी माणसंही हा फोटो काढल्याशिवाय जात नसत.

हवालदाराने खोली तपासली. वाकून टेबलाखाली पाहिलं आणि "टेबलाखाली काही नाही" असं लिहून घेतलं.

फौजदारांनीही पाहिलं. खालची काळी-पांढरी फरशी सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेलेली दिसत होती. फक्त एका पायाशी काळी रेघ किंचित मोडली होती, काडी पाण्यात मोडल्यासारखी दिसते तशी. ते क्षणभर थबकले. मग वरून चिऊच्या रडण्याचा आवाज आला आणि ते तिकडे वळले.

४

दुसऱ्या दिवशी ते चिऊलाच बघायला आले होते. कागदपत्रांचं निमित्त होतं एवढंच.

तिने काही खाल्लं नव्हतं. दिव्याचं बटणसुद्धा ती दाबत नव्हती. अंधार झाला तरी तशीच बसून राहिली होती, कुणीतरी येऊन दिवा लावेपर्यंत. मिस्त्री सकाळी गच्चीची पाण्याची टाकी बघायला गेला तर ती काठाशी उभी. त्याने तिला हाताला धरून खाली आणलं होतं आणि गच्चीच्या दाराला स्वतःचं कुलूप घातलं होतं.

"साहेब, तुम्ही अपघात लिहिलंत की ही पोर जन्मभर बापाची मारेकरी," मिस्त्री म्हणाला. "कोर्टात नाही. इथे." त्याने कपाळावर बोट टेकलं.

"मग तुला ठाऊक आहे ते बोल."

"मला ठाऊक नाही. मला फक्त कोडं पडलंय. आणि ते मी बोललो तर या घरातलं कुणीतरी फासावर जाईल."

फौजदार वर गेले. मालकीणबाई खोली आवरत होत्या. कपाट उघडं होतं. एका बाजूला त्यांचे कपडे, आणि दुसऱ्या बाजूला नुसते रिकामे हँगर, एकमेकांवर आपटून हलणारे.

त्यांनी बघितलेलं बाईंच्या लक्षात आलं. "देऊन टाकले सगळे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांसमोर नको वाटले."

फौजदारांनी मान हलवली. त्यांच्या घरी बायकोचा चष्मा अजून खिडकीत होता, काचा खाली करून ठेवलेला, आणि ते रोज केर काढताना तो उचलून पुन्हा तिथेच ठेवत. तिच्या चपला दारात होत्या. आलेला पाहुणा त्या ओलांडून येई. काय धीराची बाई आहे, असं त्यांना वाटलं. मग जिना उतरताना वाटलं, इतका धीर? माणूस काल गेला. अजून त्याची उशी दबलेली असेल.

खाली चिऊ मुंडक्याच्या टेबलासमोर बसली होती.

"बाबा रोज संध्याकाळी याचे आरसे जुळवायचे," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "एक केसभर सरकला तरी फरशी मोडलेली दिसते आणि सगळी फसवणूक उघडी पडते. परवा संध्याकाळी जुळवले होते. मी दिवा धरला होता. आता बघा ना."

५

सकाळी दाढी करताना फौजदारांची नजर आरशाशेजारच्या फोटोवर गेली. फोटो फसव्या घरातलाच होता, वाकड्या खोलीतला. बायको आजारी पडायच्या आदल्या वर्षी दोघं गेले होते. फोटोत ती छताला टेकलेली आणि ते तिच्या कोपरापर्यंतही न पोचणारे. "घरातलं खरं चित्र हेच," असं म्हणून तिनेच तो भिंतीवर लावला होता.

त्यानंतर ते बोगद्यात शिरले होते. हातात हात धरून, शेजारी शेजारी. दोन पावलं टाकली नाहीत तोच ती अख्खी त्यांच्या अंगावर आली, आणि ते तिच्यासकट कठड्यावर. कोपर सडकून आपटलं. ती हसून हसून रडायच्या बेतात होती. मी मुद्दाम नाही पडले, म्हणत होती. कितीतरी दिवस कोपर निळं होतं आणि कितीतरी दिवस ती ते निळं दाखवून हसत होती.

कोणत्या कठड्यावर?

वस्तरा गालावरच थांबला. बोगद्याबाहेर आल्यावर त्याच बाजूच्या खिडकीतून मोटारींचे भोंगे ऐकू येत होते. रस्ता. रस्त्याकडचा कठडा. ज्याचा रंग उडाला होता तो. एक रंगवला आणि एक राहिला, असं नव्हतंच. एकावर लोकांचे हात पडत होते आणि दुसऱ्यावर पडतच नव्हते. एकाचे नट दर आठवड्याला सैल होत होते आणि दुसऱ्याचे कधीच होत नव्हते. काकांचं स्टूल एकाच कोपऱ्यात होतं.

फेस पुसून ते तसेच निघाले. अर्धी दाढी राहून गेली होती, ते हवालदाराने वाटेत सांगितलं तेव्हा कळलं.

मिस्त्रीला त्यांनी बोगदा सुरू करायला लावला आणि डोळे टक्क उघडे ठेवून पुलावर पाऊल ठेवलं. जग उलटलं. त्यांनी स्वतःला बजावलं होतं की पूल हलत नाही, तरी शरीराने ऐकलं नाही. ते रस्त्याकडच्या कठड्यावर जाऊन आदळले. पलीकडच्या टोकाला पोहोचून ते वळले, कारण एक शंका होती. मालक उलट दिशेने येत असतील तर? ते परत आले. तोंड उलट होतं, पण पुन्हा रस्त्याकडेच गेले. डोक्यावरचे ठिपके रस्त्याकडे सरकत होते, आणि माणूस त्यांच्यामागे ओढला जात होता, मग तो कुठूनही येवो.

"हे नळकांडं उलटं फिरतं कधी?"

"ती मोटर एकाच दिशेची आहे, साहेब. बसवल्यापासून."

"हेच तुझं कोडं."

मिस्त्रीने मान खाली घातली. "त्यांचे पाय मी सोडवले. अंगणाकडच्या कठड्यातून. बोगद्याने तिकडे आजवर कुणाला टाकलेलं नाही."

फौजदार मुंडक्याच्या टेबलापाशी गेले. समोरून वाकले नाहीत. भिंतीच्या फटीतून मागे शिरले, जिथून लोक डोकं घालायला शिरतात. दोन आरशांच्या मागच्या पोकळीत, ज्या जागी समोरून नुसती मोकळी फरशी दिसत होती, तिथे एक फुगलेली कपड्यांची बॅग कोंबलेली होती. तिच्या कोपऱ्याने एक आरसा ढकलला होता.

हवालदाराने बॅगेकडे पाहिलं, मग स्वतःच्या वहीकडे, आणि "टेबलाखाली काही नाही" हे वाक्य मुकाट्याने खोडलं.

बॅगेत मालकांचे सगळे कपडे होते. दाढीचं सामान होतं. वर चिऊचा लहानपणीचा फोटो होता, वाकड्या खोलीत राक्षसाएवढी दिसत असतानाचा. फौजदार तिथेच खाली बसले. त्यांना धक्का बसला तो बॅगेचा नव्हे. काल ज्या बाईत आपण आपलंच दुःख बघत होतो, तिने ते कपडे कुणालाही दिले नव्हते. नवरा जिवंत असतानाच ते हँगर रिकामे झाले होते.

६

सगळ्यांना त्यांनी बोगद्यापाशी बोलावलं. चिऊला बोलवावं की नाही, यावर त्यांनी बराच विचार केला होता. पण ओझं तिच्या डोक्यावर होतं. ते उतरताना तिने बघायला हवं होतं.

मिस्त्री पुढच्या दारापाशी गेला आणि बोगदा सुरू झाला. तांबडा पट्टा पुसला होता, तरी प्रत्येकाची नजर तो शोधत होती.

फौजदारांनी आधी हवालदाराला पाठवलं. तो रस्त्याकडच्या कठड्याला मिठी मारून पार झाला. काकांनी कुरकुर केली, पण गेले, तेही रस्त्याकडेच झुकत. चिऊ बघत होती. तिसरं पाऊल पडायच्या आत तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती लहानपणापासून हजारो माणसं या पुलावरून जाताना बघत आली होती.

"सगळे तिकडेच जातात," ती हळूच म्हणाली. "मग बाबा..."

"बाई, आता तुम्ही," फौजदार म्हणाले.

मालकीणबाई पुलाशी आल्या. पाऊल टाकण्याआधी त्यांचे डोळे आपोआप मिटले. त्या सरळ चालू लागल्या, स्वयंपाकघरात चालावं तशा, कुठेही न झुकता.

"अर्ध्यात थांबा. आता डोळे उघडा."

"मला सोसत नाही ते. मी कधीच उघडत नाही."

"ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, एकदा उघडा."

त्या थांबल्या. मोटर घरघरत होती. मग त्यांनी डोळे उघडले.

त्यांचं शरीर कुणी खेचावं तसं रस्त्याकडे गेलं. दोन्ही हातांनी त्यांनी तो चकचकीत कठडा धरला. तशाच त्या मान वळवून मागे बघू लागल्या, अंगणाकडच्या हिरव्या कठड्याकडे. बराच वेळ बघत राहिल्या. या घरात इतकी वर्षं राहून ही एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. घरातल्या प्रत्येकाला होती. त्या पुढे तिकिटं फाडत बसल्या आणि हा पूल नेहमी डोळे मिटून ओलांडला.

फौजदारांना आवाज चढवावा लागला नाही. ते म्हणाले, "बोगद्याने माणूस अंगणाकडे पडत नाही. तुम्ही म्हणालात, पडताना पाहिलं, सगळेच कलंडतात तसे. तुम्ही कुणालाच पडताना पाहिलेलं नाही. बॅग सापडली आहे. आणि बोगदा सुरू झाला तेव्हा ते पुलावर उभे होते, हे सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. चिऊच्या बोटावर ही गोष्ट आली ती फक्त तुमच्या शब्दाने."

"वहिनी?" एवढंच काका म्हणाले.

बाई कठडा धरूनच बोलल्या. मालक पहाटे उठून बॅग भरत होते. कुणाला न सांगता, सगळ्या खोल्या एकदा ओलांडून मागच्या दाराने जायचं होतं त्यांना. त्या मागोमाग उतरल्या. बोगदा तेव्हा बंद होता. पुलावर त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि कारण विचारलं.

"म्हणाले, इतकी वर्षं आपण दोघं लोकांना दाखवायलाच उभे आहोत. हा संसारही त्या खोल्यांसारखाच. एका जागेवरून बघितला तर खरा वाटतो." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी ढकललं. पडावेत म्हणून नाही. ते शब्द माझ्यापासून लांब जावेत म्हणून ढकललं. खालच्या लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. मग हालचालच नाही."

त्या तिथेच उभ्या होत्या. मग अचानक नळकांडं फिरू लागलं. चिऊ आत येणार, एवढंच त्यांना कळलं. बॅग समोर पडली होती. ती त्यांनी टेबलामागे कोंबली.

"आणि चिऊ आली. ती ओरडली, आई, मी काय केलं." बाईंनी डोळे पुन्हा मिटले. "मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं."

चिऊ जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. पायाखालची जमीन तिरकी आहे हे आत्ताच कळलेल्या माणसासारखी ती उभी होती.

७

हवालदार बाईंना घेऊन निघाला. चिऊजवळ त्या थांबल्या. जवळ घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"चिऊ, तुझा दोष नाही," त्या म्हणाल्या.

तेच शब्द, त्याच आवाजात. त्या दिवशी ते खोटं बोलायला वापरले होते. आज ते खरे होते, आणि ऐकायला जास्त कठीण होते.

आई दिसेनाशी झाली तरी चिऊ त्या दाराकडे बघत राहिली.

"साहेब, मी मारलं नाही ना त्यांना?"

"नाही. तू बटण दाबलंस त्याआधीच ते गेले होते."

"परवापासून मला एवढंच ऐकायचं होतं," ती म्हणाली. "आता ऐकलं तर घरात कुणीच उरलं नाही."

आपल्याही घरात कुणी उरलेलं नाही, हे सांगून तिला काय मिळणार होतं. फौजदार नुसते शेजारी उभे राहिले. काका पुढे आले आणि तिच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले, तिथे, जिथे त्यांचं स्टूल असे.

बोगदा रिकामाच फिरत होता. बऱ्याच वेळाने चिऊने डाव्या मुठीतून उजवं बोट सोडवलं. त्यावर आवळल्याचे वळ उमटले होते. तिने त्या बोटाकडे पाहिलं, भिंतीपाशी गेली आणि लाल बटण दाबलं.

नळकांडं लगेच थांबलं नाही. ते पुरतं थांबेपर्यंत ती तिथे उभी होती, डोळे उघडे ठेवून.